त्या अंड्याचा मालक कोण?

विल्यम ऑफ ओकम या चौदाव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञाचे नाव ज्या एका वाक्यामुळे आज सर्वतोमुखी झाले आहे, ते वाक्य त्याच्या उपलब्ध लेखनात कोठेही आढळत नाही. ‘आवश्यकतेपलीकडे वस्तूंची संख्या वाढवू नये’ हे ते वाक्य; ‘ओकमचा वस्तरा’ या नावाने ते ओळखले जाते. त्याची ही प्रचलित घडण १६३९ साली जॉन पंच या आयरिश फ्रान्सिस्कन पंडिताच्या लेखनात दिसते, म्हणजे ओकमच्या मृत्यूनंतर सुमारे तीनशे वर्षांनी. ओकम स्वतः ‘गरज नसताना अनेकत्व मानू नये’ किंवा ‘थोडक्याने होते ते पुष्कळाने करणे व्यर्थ’ असे लिहीत असे, आणि हा विचारही त्याच्या पूर्वसुरींकडून, थेट अॅरिस्टॉटलपासून, चालत आलेला होता.

हल्ली या वस्तऱ्याचा अर्थ ‘सर्वांत सोपे स्पष्टीकरण तेच खरे’ असा सांगितला जातो. ओकमने असे कधीही म्हटले नाही. उलट, थोडक्या साधनांनी जे करता आले असते ते ईश्वर अनेकदा पुष्कळ साधनांनी करतो, असे त्याने स्पष्ट लिहून ठेवले आहे. जग साधे असलेच पाहिजे असा त्याचा आग्रह नव्हता. आग्रह होता तो आपल्या बोलण्यावर. एखादी गोष्ट स्वयंसिद्ध असावी, अनुभवाने कळलेली असावी किंवा पवित्र शास्त्राच्या आधाराने सिद्ध असावी. यांपैकी काहीच नसेल, तर ती आहे असे म्हणणाऱ्याने कारण द्यावे. दिवाणी दाव्यांत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या वकिलाला हे वाक्य वाचताना पुराव्याचा भार कोणावर, हा रोजचा प्रश्नच कानी आला, आणि एरवी ज्याच्या वाटेला मी गेलो नसतो त्या माणसाच्या मागे लागलो.

त्याच्या आयुष्यातील पहिली निश्चित तारीख २६ फेब्रुवारी १३०६ ही आहे. त्या दिवशी लंडनजवळच्या साउथवर्क येथे त्याला उपडीकनची, म्हणजे पुरोहितपदाखालच्या एका पायरीची, दीक्षा मिळाली. त्यावरून मागे मोजत त्याचा जन्म १२८७च्या आसपास मानतात. ओकम हे सरे परगण्यातील लहानसे खेडे. त्याने लहानपणीच संत फ्रान्सिसने स्थापलेल्या, भिक्षेवर जगणाऱ्या साधूंच्या फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला, ऑक्सफर्डला धर्मशास्त्राचे अध्ययन केले, १३१७ ते १३१९ या काळात पीटर लोम्बार्डच्या ‘सेंटेन्सेस’ या त्या काळच्या पाठ्यग्रंथावर व्याख्याने दिली, आणि आचार्यपदासाठी लागणारे सर्व टप्पे पार करूनही ते पद त्याला कधी मिळाले नाही. पुढे त्याला जी उपाधी चिकटली, तिचा अर्थच ‘आदरणीय प्रारंभक’ असा आहे.

१३२१ ते १३२४ ही वर्षे बहुधा त्याने लंडनच्या फ्रान्सिस्कन मठात काढली, आणि माझ्या मते ती त्याच्या आयुष्यातील सर्वांत सुखाची वर्षे असावीत. त्याच मठात वॉल्टर चॅटन आणि अॅडम वोडम हे दोघे होते. वोडम त्याचा चाहता; चॅटन त्याचा हाडाचा विरोधक. ओकमच्या नियमाला चॅटनने उलटा नियम रचून उत्तर दिले: एखादे विधान खरे ठरण्यास तीन वस्तू पुरत नसतील, तर चौथी मानलीच पाहिजे, आणि चारही पुरत नसतील तर पाचवी. एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकाच झोळीतल्या भिक्षेवर जगणाऱ्या दोन विद्वानांचे हे भांडण नुसते शाब्दिक नव्हते. चॅटनच्या टीकेमुळे ओकमने आपल्या एका मूळ सिद्धान्तात बदल केला. मनातील सामान्य कल्पना ही विचाराने घडवलेली एक प्रकारची मानीव वस्तू असते, असे तो आधी मानत असे. नंतर त्याने तीही वस्तू काढून टाकली आणि सामान्य कल्पना म्हणजे समजण्याची क्रियाच, असे ठरवले. विरोधकाने चौथी वस्तू मागितली आणि याने हातातली तिसरीही टाकून दिली, हे मला फार आवडते.

तो वाद ‘सामान्यां’चा, म्हणजे अनेकांत समान मानल्या जाणाऱ्या धर्मांचा होता. सोक्रेटिस माणूस आहे आणि प्लेटोही माणूस आहे. मग त्या दोघांत समान असलेले ‘मनुष्यत्व’ नावाचे काही खरोखर अस्तित्वात आहे काय? आपल्याकडे न्याय-वैशेषिकांनी ‘गोत्व’ हे सर्व गायींत असलेले नित्य सामान्य मानले आणि बौद्ध तार्किकांनी ते साफ नाकारले. त्या वादाची ज्यांना थोडी ओळख आहे त्यांना युरोपातील हा झगडा परका वाटणार नाही. ओकमचे उत्तर असे की अस्तित्वात आहेत ते फक्त एकेकटे पदार्थ: हा माणूस, ही गाय, हा दगड. सामान्य असते ते चिन्ह, म्हणजे मनातली संकल्पना, आणि तिच्या मागोमाग उच्चारलेला व लिहिलेला शब्द. १३२३च्या सुमारास लिहिलेल्या ‘सुम्मा लॉजिके’ या तर्कशास्त्रावरील मोठ्या ग्रंथात त्याने एकच शब्द वाक्यागणिक कशाच्या जागी उभा राहतो याची बारीक छाननी केली आहे. ‘माणूस धावतो’ या वाक्यात तो शब्द कोणा हाडामांसाच्या व्यक्तीच्या जागी उभा आहे. ‘माणूस ही एक जात आहे’ येथे तो मनातील संकल्पनेच्या जागी आहे. ‘माणूस हा तीन अक्षरी आहे’ येथे तो स्वतःच्याच जागी आहे. हा फरक न पाळल्यामुळे पंडितांनी शब्दांइतक्या वस्तू जगात आणून बसवल्या, अशी त्याची तक्रार होती. हलणाऱ्या वस्तूहून वेगळी ‘गती’ नावाची वस्तू नाही; जागा व्यापणाऱ्या पदार्थाहून आणि त्याच्या गुणांहून वेगळे ‘परिमाण’ नावाचे काही नाही.

परिमाणाचे हे शेवटचे विधान मात्र त्याला महागात पडणारे होते. प्रभुभोजनाच्या विधीत पावाचे द्रव्य ख्रिस्ताच्या शरीरात पालटते आणि पावाचे रंग, चव, आकार इत्यादी धर्म तसेच राहतात, ही चर्चची श्रद्धा. आणि हे धर्म द्रव्यावाचून टिकतात कसे, याचे तेव्हाचे मान्य स्पष्टीकरण परिमाण स्वतंत्र असण्यावर बेतलेले होते. ओकम श्रद्धा नाकारत नव्हता, फक्त स्पष्टीकरण नाकारत होता. तथापि असा फरक वाचणारा प्रत्येकजण करीलच असे नाही. ऑक्सफर्डचा माजी कुलपती जॉन लटरेल याने ओकमच्या लेखनातून ५६ आक्षेपार्ह कलमे काढली आणि तो ती घेऊन फ्रान्सच्या दक्षिणेतील अविन्योंला, तेव्हा तेथे असलेल्या पोपच्या दरबारी गेला. १३२४ साली ओकमलाही तेथे बोलावणे आले. चौकशीसाठी पंडितांचे मंडळ नेमले गेले, लटरेल स्वतःच त्या मंडळावर बसला (फिर्यादीच पंचात बसण्याचा हा प्रकार वाचून मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले), १३२६पर्यंत ५१ कलमांवर अहवाल झाले, आणि औपचारिक निषेध शेवटपर्यंत झालाच नाही. प्रकरण नुसते पडून राहिले. तारखा पडत राहणे ही गोष्ट सर्व काळांत सारखीच दिसते.

अविन्योंच्या त्या रिकाम्या वर्षांत एक दुसरेच प्रकरण पेटलेले होते आणि ओकमने त्याकडे मुद्दाम पाठ फिरवली होती. त्याच्या संघाची १२२३ची नियमावली सांगते की बंधूंनी, म्हणजे संघातील साधूंनी, घर, जागा किंवा कोणतीही वस्तू आपली म्हणून ठेवू नये. संत फ्रान्सिसच्या हयातीत मूठभर अनुयायांना हे जमले. संघ युरोपभर पसरला, मठ आले, ग्रंथालये आली, तेव्हा या सर्वांचा मालक कोण हा प्रश्न उभा राहिला. १२७९ साली पोप तिसरा निकोलस याने त्यावर तोडगा पक्का केला: मालकी रोमन चर्चची, आणि बंधूंकडे केवळ प्रत्यक्ष वापर, मालकी नाही, हक्कही नाही. जेवतात ते अन्न त्यांचे नाही, लिहितात ते कागद त्यांचे नाहीत. घोडा ओट खातो म्हणून तो ओटचा मालक होतो काय, असा दाखलाही या बाजूने दिला जाई. ख्रिस्त आणि त्याचे शिष्य असेच पूर्ण निष्कांचन होते, व्यक्तिशः नव्हे तर समूहानेही त्यांच्या मालकीचे काही नव्हते, हा या भूमिकेचा पाया होता. १३२२च्या जूनमध्ये संघाच्या पेरुजा येथील महासभेने त्याचा जाहीर पुनरुच्चार केला.

त्या वेळी पोपच्या आसनावर बाविसावा जॉन होता. हा कायोरचा मनुष्य, वयाने सत्तरी ओलांडलेला आणि शिक्षणाने कायदेपंडित. त्याने ८ डिसेंबर १३२२ रोजी एक फर्मान काढून संघाच्या वस्तूंची ती मालकी सरळ परत करून टाकली. त्या फर्मानातील युक्तिवाद वाचताना माझ्यातला वकील नकळत पोपच्या बाजूला सरकला, हे सांगितलेच पाहिजे. जॉन म्हणतो: एखाद्या अंड्याची, चीजच्या तुकड्याची, पावाच्या कवडीमोल शकलाची मालकी रोमन चर्चने स्वतःकडे ठेवावी आणि बंधूंना फक्त त्याचा वापर द्यावा, असा माझ्या पूर्वसुरींचा हेतू असेल, यावर कोणता शहाणा माणूस विश्वास ठेवील? जी वस्तू वापरताच नष्ट होते तिच्यात वापर आणि मालकी वेगळे करताच येत नाहीत. ज्याने अंडे खाल्ले त्याने त्याचा शेवट केला. मग मालकासाठी उरले काय? शिवाय या मालकीपासून चर्चला आजवर कवडीचा लाभ झालेला नाही आणि ती चर्चकडे आहे म्हणून बंधूंची संसारचिंता कणभर कमी झालेली नाही. मग ही मालकी हवी कशाला?

आता नीट पाहिले तर वस्तरा येथे कोणाच्या हातात आहे? काहीही काम न करणारी, नुसती कागदावर उभी असलेली एक वस्तू पोप कापून टाकत आहे. ओकमच्या विचारांतील काटकसर आणि त्याच्या संघाची अकिंचनता या एकाच वृत्तीच्या दोन बाजू आहेत, असे मोहक समीकरण मांडलेले मी वाचले आहे, आणि काही काळ मलाही ते पटले होते. अनावश्यक वस्तू जगात नकोत आणि झोळीतही नकोत: ऐकायला छान आहे. पण दारिद्र्याच्या वादात काटकसर पोपकडे होती. ओकमकडे होते ते भेद करण्याचे कसब.

तो या वादात कसा पडला, ते त्याने स्वतःच १३३४ साली असिसीच्या महासभेला लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे. जवळजवळ चार वर्षे आपण अविन्योंत राहिलो, पण इतक्या मोठ्या पदावरची व्यक्ती धर्मबाह्य मते लोकांवर लादील यावर सहजासहजी विश्वास ठेवायची इच्छा नव्हती, म्हणून ती फर्माने वाचलीही नाहीत आणि मिळवण्याचा प्रयत्नही केला नाही, असे तो लिहितो. पुढे वरिष्ठांच्या आज्ञेवरून तीन फर्माने वाचली आणि त्यांत पाखंडी, चुकीच्या, मूर्खपणाच्या, हास्यास्पद आणि वेडगळ गोष्टींचा खच आढळला. हे वरिष्ठ म्हणजे संघाचा प्रमुख चेझेनाचा मिकेले. तो १३२७च्या डिसेंबरात अविन्योंला आला होता आणि तेथेच अडकवून ठेवला गेला होता. हा मिकेले काही जन्मजात बंडखोर नव्हे. कडव्या दारिद्र्याचा आग्रह धरणाऱ्या आपल्याच संघातील बंधूंना दडपण्यात त्याने याच पोपला साथ दिली होती, आणि त्या मोहिमेत ७ मे १३१८ रोजी मार्सेय येथे चौघांना जिवंत जाळण्यात आले होते. दहा वर्षांनी त्याच पोपच्या कचाट्यात तो स्वतः सापडला. त्याच्याविषयी सहानुभूती बाळगताना ते चौघे विसरणे मला जमत नाही.

२६ मे १३२८च्या रात्री मिकेले, संघाचा कायदेतज्ज्ञ बोनाग्रात्सिया, ओकम आणि आणखी काही सोबती अविन्योंतून निसटले. एग-मॉर्तच्या बंदरातून जहाजाने ते पीसाला पोहोचले आणि पोपचा शत्रू असलेल्या जर्मन सम्राट बव्हेरियाच्या लुडविगच्या आश्रयाला गेले. सर्वांना धर्मबहिष्कृत करण्यात आले. ‘तू मला तलवारीने राख, मी तुला लेखणीने राखीन’ असे ओकम लुडविगला म्हणाला, ही लोकप्रिय कथा फार नंतरची आहे आणि ती नाटकीच वाटते. लुडविगबरोबर तो म्युनिकला गेला आणि उरलेले आयुष्य त्याने तेथील फ्रान्सिस्कन मठात काढले. तर्कशास्त्र आणि निसर्गतत्त्वज्ञान मागे पडले. त्यानंतरचे त्याचे लेखन जवळजवळ सारे पोपच्या सत्तेविषयी आहे.

त्यातला पहिला मोठा ग्रंथ ‘नव्वद दिवसांचे काम’ या नावाने ओळखला जातो, कारण तो तेवढ्या दिवसांत लिहिल्याचे ओकमने शेवटी नमूद केले आहे. १२४ प्रकरणांचा हा ग्रंथ पोपचे या वादावरचे नंतरचे एक फर्मान तुकड्यातुकड्याने उद्धृत करतो आणि प्रत्येक तुकड्याला उत्तर देतो. कैफियत लिहिण्याची ही पद्धत मला इतकी ओळखीची आहे की मी तो ग्रंथ तत्त्वज्ञान म्हणून न वाचता कागदपत्र म्हणूनच वाचला. पोपची बळकट बाजू अशी होती की हक्कावाचून केलेला वापर अन्यायाचा ठरतो. म्हणून बंधू हक्काशिवाय जेवत असतील तर ते चोरीचे जेवतात. ओकम येथे थांबतो आणि ‘हक्क’ म्हणजे काय ते विचारतो. वापराचा हक्क म्हणजे अशी सत्ता की जी माझा दोष किंवा रास्त कारण असल्यावाचून माझ्याकडून काढून घेता येणार नाही, आणि काढून घेतलीच तर मला न्यायालयात जाता येईल. आता जेवायला बोलावलेला पाहुणा पाहा. तो यजमानाच्या परवानगीने खातो. त्याचे खाणे चोरी नव्हे. पण यजमानाने ताट मागे ओढले, तर त्याला दावा लावता येणार नाही. परवानगी वेगळी, हक्क वेगळा. बंधू परवानगीवर जगतात. त्यांनी सोडला आहे तो न्यायालयात मागता येणारा हक्क.

पुण्या-मुंबईत भाड्याने राहिलेल्या कोणालाही ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार ठाऊक असतो. १८८२च्या सुखाधिकार कायद्यातील ५२वे कलम लायसन्सची व्याख्या करते, आणि त्यातला मर्म असा की राहणाऱ्याचा त्या जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. या एका भेदावर वर्षानुवर्षे दावे चालताना मी पाहिले आहेत. ताबा कोणाकडे, किल्ली कोणाकडे, चूल कोणाची पेटते, हे सर्व एकाच बाजूला असूनही हक्क दुसरीकडे असू शकतो, हे पक्षकाराला पटवून देणे किती जड जाते ते मला ठाऊक आहे. म्हणून पोपचा अंड्याचा टोमणा जितका बिनतोड वाटतो तितका तो नाही, असे माझे मत ओकम वाचून झाले. मालक अंड्याचे काय करणार, हा प्रश्नच चुकीचा आहे. घास तोंडात जाण्यापूर्वीच्या क्षणी ‘नको, खाऊ नकोस’ असे कोण म्हणू शकतो, हा खरा प्रश्न आहे. जो माणूस प्रत्येक घासाला या शक्यतेच्या छायेत जगतो त्याचे दारिद्र्य कागदी नसते. मात्र रोमन चर्चने फ्रान्सिस्कनांच्या भरल्या ताटावरून कधी अंडे उचलले होते काय, हे पोपने विचारायला हवे होते, आणि माझ्या मते त्याला उत्तर देणे ओकमला जड गेले असते.

मग त्याचे तत्त्वज्ञान आणि हा वाद यांचा काहीच संबंध नाही काय? एका ठिकाणी तो आहे, आणि तो वस्तऱ्यापेक्षा खोल आहे. पोपचे एक म्हणणे असे होते की संघ ही केवळ कल्पित व्यक्ती आहे. खाणेपिणे ही प्रत्यक्ष क्रिया खऱ्या व्यक्तीच करू शकतात, त्यामुळे ‘संघाचा प्रत्यक्ष वापर’ हे शब्दच निरर्थक आहेत. कायद्याच्या दृष्टीने हे आजही शिकवले जाते. कंपनी, संस्था, देवस्थान या कायद्याने मानलेल्या व्यक्ती आहेत. ओकमने ते साफ नाकारले. संघ म्हणजे कल्पित व्यक्ती नव्हे. संघ म्हणजे खरीखुरी माणसे. चर्चही तसेच: श्रद्धा ठेवणारी एकेकटी माणसे, त्यांच्या पलीकडे आणखी काही नाही. मनुष्यत्वाला ज्याने जगातून हद्दपार केले, तो ‘संघ’ नावाचे वेगळे अस्तित्व कसे मान्य करणार?

याचे परिणाम त्याने न डगमगता काढले. म्युनिकमध्ये लिहिलेला त्याचा ‘दिआलोगुस’ हा प्रचंड ग्रंथ गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. गुरू सर्व मते मांडतो आणि स्वतःचे कोणते ते सांगत नाही. त्यात असे मत येते की पोप चुकू शकतो, कार्डिनल, म्हणजे पोपखालचे सर्वोच्च धर्माधिकारी, चुकू शकतात, धर्मसभाही चुकू शकते. खरी श्रद्धा एका काळी एकाच व्यक्तीत उरू शकते, आणि ती व्यक्ती पुरोहितच असली पाहिजे असे नाही, ती स्त्री असू शकेल किंवा मूलही. चर्चला कधीही पूर्ण अंधार व्यापणार नाही हे ख्रिस्ताचे वचन. पण तो दिवा कोणत्या पदाच्या हाती राहील याचे वचन कोणालाच दिलेले नाही. या विचाराची भव्यता मला जाणवते. त्याचबरोबर मला हेही दिसते की असे म्हटल्यावर अपिलाला जागाच उरत नाही. सर्व पातळ्यांवरची न्यायासने चुकू शकतात आणि निर्णय प्रत्येकाच्या विवेकावर आला, तर दोन विवेकांत भांडण झाल्यावर काय करायचे, याचे समाधानकारक उत्तर मला ओकममध्ये मिळाले नाही. तो पुन्हापुन्हा एकच सांगतो: पद पाहू नका, पुरावा पाहा.

जॉनबाबत तो हे शेवटपर्यंत पाळत राहिला. १३३१च्या अखेरीपासूनच्या काही प्रवचनांत जॉनने असे मत मांडले की पुण्यात्म्यांना अंतिम न्यायाच्या दिवसापर्यंत ईश्वराचे साक्षात दर्शन होत नाही. त्यावर सगळीकडून गदारोळ झाला. डिसेंबर १३३४मध्ये, नव्वदीच्या घरात पोचलेल्या पोपने मृत्युशय्येवर कार्डिनलांसमोर आपले ते मत मागे घेतले आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा अंत झाला. बहुतेकांनी येथे टोपी काढली असती. ओकमने माघारीचा मसुदा मागवून वाचला आणि तिच्यातल्या अटींवर बोट ठेवले: श्रद्धेशी विसंगत असे काही आपण बोललो ‘असलो तर’ ते न बोललेले समजावे, अशा सशर्त शब्दांनी चूक मागे घेतली जात नाही, कारण चूक झाली हेच त्यात कबूल केलेले नाही.

तर्कशास्त्र म्हणून हे अचूक आहे. मरणाऱ्या माणसाच्या तोंडच्या ‘जर’ला पकडणारा हा ओकम मला प्रिय वाटत नाही, आणि तरीही त्याचे म्हणणे खोडण्याचा मुद्दा मला सापडत नाही. तो पुढे आणखी बारा वर्षे लिहीत राहिला. बोनाग्रात्सिया १३४०मध्ये गेला, मिकेले १३४२मध्ये, आणि संघप्रमुखाची मुद्रा ओकमकडे आली. ज्या संघाने आपल्याला केव्हाच काढून टाकले होते त्या संघाची ती मुद्रा त्याने जपून ठेवली. ती मुद्रा ठेवण्यामागे त्याच्याकडे हक्क होता की केवळ वापर, हा प्रश्न विचारायला मात्र तोवर कोणी प्रतिपक्ष उरला नव्हता. १३४७च्या एप्रिलमध्ये म्युनिकमध्येच त्याचा मृत्यू झाला.